शेवटची पाटी कोरी

आमच्या बागेत पाणी साचू देत नाहीत, तसा उतारच काढलेला आहे. किस्से मात्र साचतात. रोज कुणी ना कुणी येतं, काहीतरी विचारतं, काहीतरी करून जातं, आणि संध्याकाळी गेट लावताना आम्ही तिघं-चौघं त्यावरच हसत बसतो. सकूबाई म्हणतात, या किश्श्यांची पोती भरली असती तर आतापर्यंत शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नसती.

बाग म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढं, मुरमाड माळावर, कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांची नमुन्याची बाग. लोकांनी यावं, पाहावं आणि आपल्या बांधावर, अंगणात लावावं म्हणून केलेली. पहिली एक-दोन वर्षं झाडाला पाणी मिळतं, मग बंद. जगायचं त्याचं त्यानं.

आम्ही माणसं मोजकी. सगळं बघणाऱ्या मॅडम नागपूरच्या. सकूबाई निंदण करतात आणि पाहुण्यांना चहा करून देतात. गेटवर देवाजी भाऊ. आणि लोकांना फिरवून झाडं दाखवायला माझा मोठा भाऊ होता, सुरेशदादा. पौषात दादा गेला. मूलहून घरी येताना, रस्त्यावर. त्याबद्दल मला सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

आता लोकांना मी फिरवतो. सातवीत शाळा सोडलेली, पाट्या वाचताना अजून अक्षराला अक्षर जोडावं लागतं. तरी चाललं आहे. एकच गोष्ट अडकून बसली आहे, शेवटच्या झाडाचं नाव. त्याच्याकडं येतोच.

* * *

आमचं घर तळ्याचं. बाबा तळ्यात जाळं टाकतात, आजोबाही तेच करायचे. दादाला बागेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी पानठेल्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं, मोठ्याले नोकरी लागली. कुणीतरी विचारलं, काम काय?

बाबांनी थोडा विचार केला. "झाडाले पाणी द्यायचं नाई."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. पगार."

तिथं आमचे एक काका बसलेले होते. त्यांनी आयुष्यात कधी अंगणातल्या तुळशीलासुद्धा तांब्याभर पाणी घातलेलं नाही. ते ताडकन उठून उभे राहिले.

"मले बी लावून दे ना तिथी. मी तं लहानपणापासून देऊन नाई राह्यलो."

* * *

बागेत येणारा प्रत्येक माणूस एक प्रश्न विचारतोच. आपल्याकडं पाऊस एवढा पडतो, गावागावाला तळं आहे, धान पिकतो, मग असली बाग इथं काऊन? दादाचं उत्तर ठरलेलं होतं. "पाऊस चार महिने येते भाऊ. झाडाले बारा महिने जगा लागते."

हे ऐकून लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की आपल्या बाटलीतलं पाणी हळूच झाडाला घालायचे! खरं सांगतो. माणसाच्यानं तहानलेलं झाड पाहवत नाही. एक बाई निवडुंगाला पाणी पाजत होत्या आणि त्यांचे यजमान पाठमोरे उभे राहून पहारा देत शीळ घालत होते, हे सकूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटी देवाजी भाऊंनी नियम केला. बाटल्या गेटवर ठेवायच्या, तहान लागली तर शेडमध्ये रांजण आहे. नियम चांगला होता, पण महिना मे होता. चंद्रपूरहून एक साहेब आले होते, अंगानं भरलेले. गेट आणि शेड यांच्या मधोमध त्यांना भोवळ आली आणि ते घायपाताच्या शेजारी आडवे झाले. सकूबाई बादली घेऊन धावल्या. अर्धी बादली साहेबांच्या तोंडावर गेली, उरलेली सगळी घायपाताच्या बुडाशी.

साहेबांनी डोळे उघडले. दादा त्यांच्याजवळ बसून अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, झाडाले पाणीच द्यायचं होतं तं नुसतं सांगा लागत होतं. एवढं करायची गरज नव्हती."

साहेब पडल्या पडल्या हसायला लागले. जाताना घायपाताची दोन रोपं घेऊन गेले.

* * *

पाटीवरची नावं दादाला आवडायची नाहीत. लांबलचक नाव, वाचून पुढच्या झाडाकडं जाईपर्यंत माणूस विसरतो. म्हणून त्यानं झाडांना आपल्या माणसांची नावं दिली.

कोरफड म्हणजे सकूबाई. "वरून काटे दिसते, पण चटका बसला का हिच्याकडंच या लागते." गेटजवळचा हिवर म्हणजे देवाजी भाऊ. "काटे आहे, पण सावली देताना कोणाले नाव विचारत नाई." घायपात म्हणजे आमचे ते काका. "एका जागी बसून राह्यते. हलवाले गेलं तं टोचते." सीताफळ म्हणजे बाबा. "डोळे पुष्कळ. सारं पाह्यते, बोलत काई नाई."

आणि नुसतं सांगून थांबायचा नाही. आलेल्या लोकांना प्रत्येक झाडाशी बोलायला लावायचा. रामराम करा, तब्येत विचारा. नाव विसरले तरी चालन, वळख नका विसरू, म्हणायचा. मोठमोठ्या लोकांना कोरफडीपुढं वाकून "काय सकूबाई, बऱ्या आहात ना?" विचारताना आमच्या सकूबाईंनी चुलीजवळून ऐकलं आहे. वरवर त्या रागवायच्या, पण त्या कोरफडीवरची धूळ रोज पदरानं पुसतात.

मूलच्या बाजारात आमची आत्या मासे विकते. तिला कुठून तरी कळलं आणि ती बागेत येऊन धडकली. "सगळ्याईचे झाडं लावले म्हणते. मी कोणती?"

दादाची पंचाईत झाली. आत्या होती चारोळी, आणि चारोळीची ओळख तो अशी करून द्यायचा, "गोड आहे, पण आधी फोडा लागते." त्यानं पहिला अर्धा भाग सांगितला आणि दुसरा गिळला. आत्या खूश होऊन गेली.

आठवडाभरानं परत आली, आपलं झाड पाहायला. थेट मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"मले मुंग्या लागून राह्यल्या, अन् तुम्ही इथी पंख्याखाली बसून राह्यल्या?"

* * *

दादा बागेत होता ती सगळी वर्षं मी हैदराबादला, सेंट्रिंगच्या कामावर. एका खोलीत आम्ही सगळे इकडचेच. आई आम्ही लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला झोपेतून उठवायचं काम दादाचं. मी हैदराबादला गेलो तरी त्यानं ते सोडलं नाही. रोज पहाटे फोन यायचा.

मला तो झिंग्या म्हणायचा. बाबांच्या टोपलीतला झिंगा कसा, बोट लावलं की उडतो, तसा मी लहानपणी. आताही तसाच आहे म्हणतात. दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही, सगळ्यांसाठी मी राकेश.

"झिंग्या, उठला काय बे?"

"उठलो, उठलो."

"आवाज झोपेतला येऊन राह्यला. बसून बोल."

मग मी उठून बसायचो. दादाचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही, खोलीतले सगळेच उठून बसायचे. एकदा त्याला ताप आला आणि फोन आला नाही. त्या दिवशी आमची पूर्ण गँग साइटवर उशिरा पोचली. मुकादम मला म्हणाला, "तेरे भाई की भी हाजरी लगानी पड़ेगी रे."

आता फोन येत नाही. आता मी पहाटेच जागा असतो.

* * *

मॅडमनी मला दादाच्या जागेवर घेतलं तो पहिला दिवस. एका कॉलेजची मुलंमुली आली होती. सकूबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि मी निघालो.

घायपातापुढं उभा राहिलो आणि डोकं कोरं झालं. म्हणालो, "हे घायपात. याला पाणी लागत नाही." मुलं वाट पाहत उभी. मी पुढं गेलो. "ही कोरफड. हिलासुद्धा लागत नाही." पुढं गेलो. "यालापण नाही." दादाला जी बाग दाखवायला अर्धा दिवस लागायचा, ती मी आधण उकळायच्या आत संपवली आणि मुलांना घेऊन शेडसमोर हजर झालो.

सकूबाई चहापत्ती हातात घेऊन बघतच राहिल्या. "एवढ्या लवकर काऊन आले रे? बागेत कोणी मेलं काय?"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांना समजलं. हात तोंडावर गेला. चहापत्ती सगळी चुलीत. मुलं कावरीबावरी.

आणि मला हसू फुटलं. पौषापासून पहिल्यांदा. थांबेना. मग सकूबाईही हसायला लागल्या, डोळे पुसत पुसत. मुलांना काही कळलं नाही, पण तीही हसली. मी म्हटलं, चला, पुन्हा पहिल्यापासून दाखवतो. या खेपेला घायपातापुढं आल्यावर म्हणालो, "हे आमचे काका."

* * *

आता ते शेवटचं झाड.

बागेच्या मागच्या टोकाला, वाट संपते तिथं, दादानं गेल्या पावसाळ्यात मोईची एक फांदी रोवली. मोई अशी रोवूनही लागते, आमच्याकडं कुंपणाला लावतात. पण थंडीत तिची पानं गळतात आणि उन्हाळाभर ती नुसती काठी. पळस फुलून जातो, कुसुम लाल पालवी फोडून हिरवा होतो, मोई मात्र उठायचं नाव घेत नाही.

एप्रिलमध्ये एक गुरुजी मुलांना घेऊन आले. फिरून दमले, वाट संपली, समोर काठी दिसली. त्यांनी खांद्यावरची बॅग तिला अडकवली आणि म्हणाले, "खुंटी बरी ठोकली आहे इथं."

मी काही ठरवलं नव्हतं. बॅग काढली आणि भिरकावली. ती जाऊन पडली निवडुंगाच्या मधोमध.

मॅडम खूप बोलल्या. मग म्हणाल्या, बॅगेतला एकेक काटा काढून दे, तोवर दुसरं काम नाही. मी हिवराखाली काटे काढत बसलो. थोड्या वेळानं गुरुजीच माझ्यासमोर येऊन बसले आणि दुसऱ्या बाजूनं काढायला लागले.  काढता काढता त्यांनी विचारलं, "त्या झाडाचं नाव काय म्हणालास?"

पाटीवरचं सांगितलं असतं, पण त्यांना दादाच्या नावांबद्दल मुलांनी सांगितलं होतं, ते तसलं नाव विचारत होते. मी म्हटलं, "मलाच ठाऊक नाही."

"अरे," गुरुजी बोटातला काटा काढत म्हणाले, "मग मला रे कसं असणार?"

त्या दिवसापासून मी रोज त्या काठीची साल नखानं थोडी खरडून पाहायला लागलो. आत हिरवं दिसलं की बरं वाटायचं. मॅडमनी एकदा पाहिलं.

"राकेश, ते झाड उन्हानं मरणार नाही. तुझ्या नखानं मरेल."

* * *

या झाडालाही दादानं नाव दिलं होतं, एवढं नक्की. कारण देवाजी भाऊंना गेटवरून त्या टोकाचं हसणं ऐकू यायचं. फेरी तिथं पोचली की सगळे एकदम काहीतरी ओरडायचे आणि मग हशा. पण काय ओरडायचे ते एवढ्या लांबून कळायचं नाही. सकूबाई त्या वेळी चहाच्या गडबडीत. मॅडम आपल्या टेबलापाशी. आणि झाड नवीन, ते लावल्यापासून पौषापर्यंत बागेत फार मंडळी आलीच नव्हती.

मॅडमनी ठरवलं की पाट्या नव्या रंगवायच्या. वर नेहमीचं नाव, खाली दादानं दिलेलं. मला हे फार आवडलं. पण मोईच्या पाटीवर खाली काय लिहायचं?

मग जो तो आपला अंदाज सांगायला लागला. देवाजी भाऊंना खात्री, की सिंदेवाहीच्या एका पोरीचं नाव असणार, दादा तिकडं एकदोनदा जाऊन आला होता. सकूबाई म्हणाल्या, "पोरीचं नाव काठीले देते कोणी? मंग झालं असतं लगन." आत्या म्हणाली, तिचंच दुसरं झाड असेल.

मॅडमनी एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेला फोन लावून दिला, तिथली मुलं दिवाळीआधी येऊन गेली होती. तिथल्या सरांना विचारलं, आमच्या बागेतलं काही आठवतं का? ते म्हणाले, आठवतं तर, चहा फार चांगला होता. सकूबाई दोन दिवस जमिनीवर नव्हत्या.

बाबांनी एकदाच अंदाज सांगितला. "तुह्या मायचं असन." पण दिसायला काठी, आणि ऐकणारे हसायचे, म्हणजे आईचं नसावं, हे त्यांचं त्यांनाच पटलं. तेव्हापासून मी घरी पोचलो की जाळं सारखं करता करता विचारतात.

"समजलं काय?"

"नाई."

"बरं."

पेंटर आला. दिवसभरात सगळ्या पाट्या रंगवून झाल्या. सकूबाई आपली पाटी चार बाजूंनी पाहून आल्या. शेवटच्या पाटीवर वर 'मोई' झालं आणि पेंटर ब्रश धरून थांबला. मी म्हटलं, खाली जागा ठेव. त्यानं ठेवली. जाताना डब्यात उरलेला पांढरा रंग आणि एक बारीक ब्रश माझ्या हातात दिला. "समजलं का तूच लिहिजो."

म्हटलं, माझं अक्षर चांगलं नाही.

"झाडाले वाचता येते काय?" पेंटर म्हणाला.

* * *

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला आणि धानोऱ्याकडच्या बायकांची एक जीप आली. बचत गटाच्या. त्यांची पुढारी मैनीबाई, वयस्कर, कपाळावर गोंदण. ती मागं दिवाळीनंतर एकदा येऊन गेली होती आणि आता आपल्या गावच्या बाकीच्या बायकांना घेऊन आली होती. अंगणात काय लावायचं ते दाखवायला.

गेटवरच तिनं मला विचारलं, "तो भाऊ नाई आला आज?"

मी म्हटलं, "नाई आला."

पुढं मला काही दाखवावंच लागलं नाही. मैनीबाई पुढं, बायका मागं, आणि मी सगळ्यांच्या शेवटी पाण्याचा जग घेऊन. हिवरापुढं थांबून तिनं हात जोडले, "देवाजी भाऊ, जोहार." सगळ्या बायका म्हणाल्या, जोहार. कोरफडीला, सकूबाई जोहार. सीताफळापुढं आल्यावर आपल्या लोकांना गोंडीत काहीतरी सांगितलं, डोळ्यांवर बोटं ठेवून दाखवली, मग ओठांवर. बायका हसल्या. माझ्या बाबांना जोहार झाला. 

वाट संपली. काठी होती तशीच उभी. तिच्या पायथ्याशी अर्धी कोरी पाटी. मी घसा साफ करून म्हणालो, हे शेवटचं झाड, मोईचं, याचं दुसरं नाव...

मैनीबाईनं हातानं मला थांबवलं. बायकांना काहीतरी सांगितलं. त्या काठीभोवती गोल करून उभ्या राहिल्या, पदर खोचले, आणि शाळेतल्या पोरींसारख्या सगळ्या एका सुरात ओरडल्या,

"झिंग्या, उठला काय बे?"

बायका हसल्या. मग माझ्याकडं पाहत राहिल्या. हातातल्या जगमधलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं.

"मांगच्या खेपेले तो भाऊ या काडीच्या मांगं लपून जवाब देत होता," मैनीबाई म्हणाली. "एवढा मोठा माणूस, काडीच्या मांगं. तू काऊन गप? दे ना जवाब. आम्हाले दूर जायचं हाय."

 माझा आवाज बारीक निघाला.

"उठलो, उठलो."

मैनीबाईनं काठीकडं पाहून मान हलवली.

"झोपेतला आवाज येऊन राह्यला याचा. बसून बोल म्हणा."

मी खाली बसलो.